उघड्या दाराला वळसा

१

काळा सोटा जागेवर नाही हे कळल्यावर नूनकिपाने पहिली गोष्ट काय केली असेल, तर गळ्यातल्या मण्यांच्या चकत्या सारख्या केल्या. घरावर संकट आलं की घरची बाई आधी नीटनेटकी दिसली पाहिजे, रडायचं असेल तर ते नंतर, असं तिचं साठीतही पक्कं मत होतं.

उजाडता उजाडता ती मेंढीच्या चरबीची वाटी घेऊन बैठकीच्या खोलीत आली होती. सभेच्या दिवशी सोट्याला चरबी चोळून तो झळझळीत करायचा, हे तिचं ठरलेलं काम. तिचा नवरा तिपापे या राखीव रानाचा मुखिया. आसपासच्या मासाई घरांनी आपापल्या जमिनींची कुंपणं उपटून जनावरांना मोकळं रान करून दिलं होतं. त्या सगळ्यांच्या वतीने बोलायचा अधिकार ज्याचा, त्याच्या हातात हा आबनुसी सोटा. सोटा उचलून बोललेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिने छपराखालच्या कातड्यामागे हात घातला, तर हाताला नुसतं गवत लागलं.

आणि सभा आजच होती. दुपारी उंबराखाली सगळे जमणार होते. नैरोबीच्या एका बड्या हॉटेल कंपनीला हे सगळं रान हवं होतं, आणि त्यासोबत तिपापेचं हे छोटं लॉजही. हो की नाही, ते आज ठरायचं. ज्याला एक सोटा सांभाळता आला नाही तो रान काय सांभाळणार, एवढं एक वाक्य कुणी टाकलं की खेळ खलास.

नूनकिपाने वाटी खाली ठेवली आणि खोली पाहिली. मागच्या खिडकीची झडप उघडी होती. काल संध्याकाळी पाहुण्यांसाठी शेकोटी पेटली होती, गाणी झाली होती, घरातलं झाडून सगळं माणूस पुढच्या अंगणात होतं. चोर त्याच वेळी आला असणार. खिडकीच्या आत तिचं तीन पायांचं स्टूल नेहमीच्या जागी होतं, त्यावर मण्यांची उघडी टोपली. एकही मणी सांडलेला नव्हता, स्टुलाला चिखलाचा ठिपका नव्हता. चिखलाचं पहिलं पाऊल त्याच्या पुष्कळ पलीकडे, खोलीच्या मध्याजवळ उमटलं होतं.

मेजावर लॉजचा वायरलेस होता. एका पाहुण्याची दुर्बीण होती, तिच्या पैशात चांगली गाय आली असती. दोन्हींना कुणी बोट लावलं नव्हतं. बाहेरचा चोर असता तर त्याने खोली उपसली असती. हा आला तो सरळ कातड्यामागे हात घालायलाच.

"घरचंच कुणीतरी," नूनकिपा स्वतःशी म्हणाली, आणि तिला चरबीचा वास एकदम नकोसा झाला.

२

तिपापे रात्री पलीकडच्या वस्तीवर भावाकडे मुक्कामाला होता, सभेच्या वेळेलाच येणार होता. म्हणजे तपास करायचा तर तिनेच.

आधी तिने जावयाला बोलावलं, म्हणजे मुलीकरवी निरोप धाडला. कोइनेत या रानातला सगळ्यात चांगला वाटाड्या. गवताचं एक पातं वाकलेलं पाहून बिबट्या उपाशी आहे की जेवलेला ते सांगेल, असं पाहुणे घरी जाऊन सांगत. मासाई घरात सासू आणि जावई यांच्यामध्ये अदबीची भिंत असते. जावई सासूच्या डोळ्याला डोळा देत नाही, तिच्यासमोर घास घेत नाही. एकमेकांना नावानेही हाक मारत नाहीत. लग्नात जावई सासूला मेंढी देतो, आणि त्या मेंढीवरून दोघंही एकमेकांना आयुष्यभर 'पाकेर' म्हणतात. आपल्याकडे जावई म्हणजे दहावा ग्रह. तिथे सासू-जावई दोघंही एकमेकांचे ग्रह, आणि दोघंही आपापल्या कक्षेत फिरतात.

कोइनेत घराला वळसा घालून मागे आला. हत्तींनी पाण्याची नळी मोडल्यापासून मागे पोटरीभर चिखल होता, शिवाय काटेरी कुंपण. खिडकीशी उभं राहून, चौकटीत कोपर टेकून, त्याने आतली पावलं निरखली.

"टायरच्या चपला आहेत, पाकेर," जमिनीकडे बघत तो म्हणाला. "कुंपणाच्या फटीतून आला, खिडकीतून आत गेला, तसाच परत गेला."

"टायरच्या चपला इथे कोण घालत नाही?"

"सगळेच घालतात."

"घरचा की बाहेरचा?"

कोइनेत जरा थांबला. "बाहेरचा असावा. घरच्याला आतली वाट माहीत असते. घरचा माणूस चिखलात कशाला उतरेल?"

बोलणं बिनचूक होतं. बैठकीच्या खोलीला जायची सरळ वाट म्हणजे पुढच्या ओसरीवरून नूनकिपाच्या निजायच्या खोलीत शिरायचं, की पलीकडे बैठक. त्या दाराला कडी नव्हती. नूनकिपाला त्याचा अभिमान होता. "माझ्या दाराला कुलूप लागेल त्या दिवशी मला पुरा," असं ती पाहुण्यांनाही ऐकवायची.

स्वयंपाकीण मुथोनी पाण्याचा तांब्या घेऊन याच दारातून तरातरा आत आली. ती नाकुरूकडची, किकुयू जमातीची, तोंडाने फटकळ. या घरात तिचे केस पिकले होते.

"मला विचारायचं असेल तर सरळ विचारा बाई. आडून आडून नको."

"काल शेकोटीच्या वेळी कुठे होतीस?"

"तुमच्या त्या पाहुण्यांच्या चपात्या काय बिबट्याने लाटल्या? आणि मी चोरायचंच म्हटलं तर तुमचा तो सोटा चोरीन होय? त्याने मका तरी कुटता येतो का? चोरीन तर तुमची ती तांबडी म्हैस चोरीन."

"ती गाय आहे."

"म्हशीसारखी खाते तर!"

नूनकिपाला इतक्या संकटातही हसू आलं. तेवढ्यात ओसरीवर काठी वाजली. योर्गेन, डेन्मार्कहून आलेले निवृत्त मास्तर. गुडघे गेलेले, पण जगभरच्या जुन्या काठ्या जमवायचा नाद. काल तिपापेने कौतुकाने त्यांना याच दारातून आत नेऊन सोटा दाखवला होता, आणि "हा देणार का?" असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. त्यांच्या मागे एक नोकर त्यांची मोठी बॅग घेऊन उभा होता.

"बाई, चोरी झाल्याचं ऐकलं. काल मी तो मागितला होता. माझी बॅग सगळ्यांसमोर उघडा, म्हणजे माझीही झोप माझ्याकडे राहील."

बॅग उघडली तर अर्धा तपास झाला असता. नूनकिपा सरळ उभी राहिली.

"मास्तर, या घरात पाहुण्याची बॅग उघडायची वेळ आली तर त्याआधी मी लॉज बंद करीन. जा, तळलेल्या मंदाझी गार होतायत. चहा घ्या."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. आता मात्र चोर नुसत्या डोक्याने शोधायचा होता, आणि फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजत होता.

३

आला तो सिरोंका. तिपापेचा बरोबरीचा, एकाच तुकडीत दोघांची मुंज म्हणा, सुंता म्हणा, झालेली. अशा माणसाला मित्राचं घर आपलंच असतं. पोट सांभाळत तो ओसरी चढला आणि न विचारता नूनकिपाच्या खोलीतून बैठकीत जाऊन बसला.

"ताकवेन्या, नूनकिपा!"

"इको," तिने रीतीप्रमाणे उत्तर दिलं. "सभा दुपारी आहे. सकाळीच कशी पावलं वळली?"

"म्हटलं, सोट्याला चरबी नीट लागली का बघावं." तो गालात हसला. "फाटकावरच्या पोराने सांगितलं मला. वाईट झालं हो. तिपापेच्या हातून सोटा जावा! लोक काय म्हणतील?"

"लोक तुम्ही सांगाल तेच म्हणतील. काल संध्याकाळी चहाला आला होतात. गेलात कधी?"

"मला चोर म्हणतेस?"

"कधी गेलात एवढंच विचारते आहे."

"गाणी सुरू व्हायच्या आत. मला त्या नाचात उड्या मारता येत नाहीत आता, हे तुलाही दिसतंय." त्याने पोटावर थाप मारली. "ऐक, मी कंपनीच्या बाजूचा आहे, लपवत नाही. पण मला सोटा हवा आहे, गहाळ नको. सोटा उचलून तिपापे 'हो' म्हणाला तरच कंपनी सही करणार. सोटा नसेल तर सभा मोडेल, आणि मग तिपापेला बाजूला सारून दुसरा मुखिया नेमावा लागेल. मला तेही चालेल म्हणा."

"तिपापे 'हो' म्हणणार आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

सिरोंकाने तिच्याकडे थोडं कीव केल्यासारखं पाहिलं. "तुला सांगितलं नाही त्याने?"

नूनकिपा तडक मुलीकडे गेली. सिलांतोई लॉजचं आरक्षण, फोन, हिशेब सगळं बघायची. आईचा चेहरा बघून तिने हातातला फोन खाली ठेवला.

"तुझा बाप कंपनीला 'हो' म्हणणार आहे?"

सिलांतोईच्या डोळ्यांत पाणी आलं. "परवा फोनवर बोलत होते. म्हणाले, मी थकलो. मुलगा नाही. मुलीचं नाव घेतलं तर म्हातारे हसतील, आणि जावई दुसऱ्या घरचा, त्याला माझ्या रानाचं काय पडलंय? माझ्यामागे कुणी नाही, तेव्हा घ्या तुम्हीच. तुला सांगायची हिंमत झाली नाही, येयो."

"आणखी कुणी ऐकलं?"

"आम्ही दोघं नवराबायको गाडी धूत होतो. आम्हीच ऐकलं फक्त."

बत्तीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याने घर विकायची गोष्ट फोनवरच्या परक्याला आधी सांगितली. तिला राग आला, आणि रागाच्या खाली त्या म्हाताऱ्याची दयाही आली. आपल्यामागे कुणी नाही असं वाटून तो इतके दिवस एकटाच कुढत होता.

ती पुन्हा बैठकीत आली. सिरोंका तिच्याच खोलीतून, तिच्या खाटेला धक्का देत, बाहेर चहाला चालला होता. मुथोनी त्याच दारातून रिकामा तांब्या घेऊन निघाली होती. नूनकिपा दाराकडे पाहत राहिली. मग खिडकीखालच्या आपल्या स्टुलाकडे, त्याच्यावरच्या न सांडलेल्या मण्यांकडे आणि मग दूरवर उमटलेल्या त्या पहिल्या पावलाकडे.

तिला चोर कळला. कळला, आणि तिची मान खाली जायची ती उलट ताठ झाली.

४

"मुथोनी! चार माणसं बोलव. माझी खाट बाहेर काढ."

"खाट? आज? डोकं ठिकाणावर आहे ना बाई?"

"खाट, कांबळी, दुधाचे भोपळे, माझ्या कपड्यांची पेटी. सगळं अंगणात. आणि खिडकीतलं स्टूलही."

"सोटा खाटेखाली सापडेल असं वाटतंय की काय?"

"बोलशील जास्त तर तुलाही बाहेर काढीन."

लॉजवर तमाशाच उभा राहिला. सभेला आलेले पहिले म्हातारे अंगणात बघत उभे राहिले. सिरोंकाने चहाचा कप तसाच हातात धरला. "संकटाने बाईचं डोकं फिरलं," तो हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू. योर्गेन मास्तरांनी खुर्ची देऊ केली, ती नूनकिपाने हसून नाकारली. तिची खाट उन्हात आली, तिच्यावर कांबळी, भोपळे. नवी नवरी सासरी निघावी तसं सगळं सामान अंगणात मांडलं गेलं.

कोइनेत गाड्यांपाशी उभा होता. त्याचं लक्ष जमिनीकडे होतं, पण हातातलं फडकं थांबलं होतं.

नूनकिपाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मुलीशी बोलली, मोठ्याने.

"सिलांतोई, ऐक. ती खोली आता माझी नाही. तिथे माझं काही उरलं नाही, खाट नाही, कांबळं नाही. ती आता नुसती वाट आहे. जाणाऱ्याने खुशाल जावं, कुणाचा मान मोडणार नाही. आणि काल कुणी सोटा उचलला असेल, तर तो ज्यासाठी उचलला तेच त्याने बुडत चाललंय. मुखिया उघडा पडला की रान आपोआप जाईल."

मग तिने टाळी वाजवली. "चला सगळे टाकीकडे! हत्तींनी नळी कशी मोडली ते दाखवते. मुथोनी, चहा तिकडेच आण."

यजमानीण पुढे चालायला लागली की पाहुण्यांना मागे जावंच लागतं. सिरोंकाही गेला, कारण चहा तिकडे गेला होता. नूनकिपाने हत्तींच्या उद्योगाची कथा अशी रंगवून सांगितली की म्हातारे मांडीवर हात मारून हसले. तिचं काळीज मात्र तिकडे त्या दारात होतं.

ती परतली तेव्हा ओसरीपासून बैठकीपर्यंत मातीच्या जमिनीवर पावलांची एक सरळ रांग होती, आडून नाही, वळसा घालून नाही. छपराखालच्या कातड्यामागे तिने हात घातला. आबनूस गार लागला. चरबी कुणीतरी आधीच चोळली होती, आणि छान चोळली होती.

५

तिपापे आला तेव्हा त्याची बायको अंगणात खाटेवर बसली होती.

"हे काय? मला घराबाहेर काढतेस की स्वतःला?"

"आधी बस. तुझा सोटा काल चोरीला गेला होता. आज परत आला."

म्हाताऱ्याने खाटेची कड धरली. "कोणी नेला?"

"विचार करून सांग तूच. चोर मागच्या खिडकीतून आला. काटे, चिखल, सगळं तुडवत. का? पुढचं दार उघडं होतं. मुथोनी त्यातून दिवसातून वीसदा जाते. मास्तरांना तूच त्यातून नेलंस. सिरोंका तर स्वतःचं घर असल्यासारखा शिरतो."

"वाट चुकवायला खिडकी वापरली असेल. सिरोंका काही भोळा नाही."

"मीही तसंच म्हटलं आधी. पण खिडकीखाली माझं स्टूल होतं. पायरीच ती! मास्तरांचे गुडघे, मुथोनीची कंबर, सिरोंकाचं पोट, यातलं कुणीही त्यावर पाय ठेवल्याशिवाय उतरू शकत नाही. चोर मात्र अंधारात स्टुलावरून उडी मारून पलीकडे पडला. पाय मोडला असता तरी चाललं असतं, पण माझ्या स्टुलाला पाय लावला नाही. माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. चोरी करताना, तिपापे! असा माणूस या रानात एकच आहे, त्याच्यासाठी माझं उघडं दार म्हणजे भिंत."

तिपापेच्या सगळं लक्षात आलं, तरी त्याने विचारलं, "कोण?"

"ज्याला माझ्या निजायच्या खोलीत पाऊल टाकणं वर्ज्य, मी ज्याला पाकेर म्हणते तो."

म्हाताऱ्याने मान वळवली. गाड्यांपाशी कोइनेत पाठ करून उभा होता.

"तू कंपनीला 'हो' म्हणणार हे त्याने ऐकलं," नूनकिपा म्हणाली. "तोंडावर सासऱ्याला अडवलं तर अदब मोडते, म्हणून वेड्याने सोटा लपवला. सोटा नाही तर शब्द नाही, असं वाटलं त्याला. चूक केली, मोठी चूक. पण माझ्यामागे कुणी नाही, असं तू फोनवर रडत होतास ना? जरा डोळे उघडून बघ मागे." तिने खाटेवरची कांबळी सारखी केली. "आणि कंपनीची माणसं येतील तेव्हा, कुठलं दार कुणाचं, हे त्यांना कोण शिकवणार?"

उंबराखाली सगळे जमले. सिरोंका अगदी पुढे बसला होता. तिपापेच्या हातात झळझळीत सोटा बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

तिपापेने सोटा उचलला. "मी थकलोय," तो म्हणाला, "हे खरं आहे. म्हणून रान द्यावं असं माझ्या मनात आलं होतं, हेही खरं आहे. पण थकलेल्या माणसाने भार खांदा बदलून घ्यावा, फेकून देऊ नये. आमचं रान आम्ही देणार नाही. मी आहे तोवर मी बोलेन. लॉजचा आणि जनावरांचा कारभार आजपासून सिलांतोई आणि कोइनेत बघतील. कुणाला हसू येत असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही. सिरोंका इकडेतिकडे बघत राहिला, आणि म्हाताऱ्यांच्या काठ्या संमतीने जमिनीवर वाजायला लागल्या तेव्हा त्यालाही आपली काठी आपटावी लागली.

"हे घे, जागेवर ठेवून ये," म्हणून तिपापेने सगळ्यांसमोर सोटा कोइनेतच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि मान लववली. सासऱ्याने त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला, आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ ठेवला.

एव्हाना मुथोनीने कुरकुरत नूनकिपाची खाट, स्टूल, टोपली सगळं पुन्हा आत जागेवर लावलं होतं. कोइनेत ओसरीपर्यंत आला. त्याने खाट पाहिली, आणि न थांबता घराला वळसा घालून चिखलात उतरला.

"अहो, दार उघडं आहे की!" योर्गेन मास्तर ओरडले. "हा माणूस चिखलात कुठे चालला?"

नूनकिपा घाईने आत गेली. कुणी बघण्याआधी तिने खिडकीखालून आपलं स्टूल आणि मण्यांची टोपली उचलून बाजूला घेतली, आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. मागे चिखलाची पावलं वाजली, झडप सरकली, कुणीतरी अलगद आत उतरलं.

"पाकेर," मागून हलका आवाज आला.

"पाकेर," ती भिंतीकडे बघत म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते, पण पाठ मात्र अजून ताठ होती.

बाहेर तिपापे गवंड्याला हाका मारत होता. त्या मागच्या भिंतीला उद्याच एक दार पाडायचं होतं.